रात्री साडेनऊला वीज तोडायला कोणी येत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकला आई एकट्या राहतात. संध्याकाळी सातच्या सुमारास त्यांच्या मोबाईलवर मेसेज आला की मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, अमुक नंबरवर वीज अधिकाऱ्याशी बोला. त्यांनी फोन केला. पलीकडच्याने एक अ‍ॅप डाउनलोड करायला लावलं, त्यातला नऊ आकडी कोड विचारून घेतला आणि 'नोंद होण्यापुरते' 10 रुपये भरायला सांगितले. कार्डाची सगळी माहिती भरून झाली, तेवढ्यात शेजारचा मुलगा आला आणि त्याने फोन बंदच करून टाकला. पैसे गेले नाहीत. आता काय करायचं, पुढच्या वेळी ओळखायचं कसं, आणि वीज खरंच तोडतील का, हे तुम्हाला विचारायचं आहे.

मी वीज वितरणाच्या नोकरीत 31 वर्षं काढली, त्यातली बरीचशी उपविभागीय कार्यालयात, बिलिंग आणि वसुलीच्या टेबलावर. निवृत्तीनंतर ज्येष्ठ नागरिक संघांत आणि सोसायट्यांत याच विषयावर बोलायला बोलावतात. त्यामुळे दोन्ही बाजू जवळून पाहिल्या आहेत, वीज तोडणाऱ्यांची आणि वीज तोडायची भीती घालणाऱ्यांची.

पहिल्या प्रश्नाला घाई आहे, म्हणून तो आधी. पैसे गेले नाहीत म्हणून तुम्ही निर्धास्त दिसता. तसं राहू नका. कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे त्या माणसाने आईंच्या स्क्रीनवर पाहिलेत. आपल्याकडच्या वेबसाइटवर ओटीपी लागतो, पण परदेशी वेबसाइटवर पुष्कळदा ओटीपीशिवायही कार्ड चालून जातं. म्हणून कार्ड आजच ब्लॉक करा आणि नवं मागवा. बँकेला फोन करायचा तो कार्डामागे छापलेल्या नंबरवर, आणि दुसऱ्या कोणाच्या तरी मोबाईलवरून.

आईंचा मोबाईल आता सुरू कराल तेव्हा आधी वायफाय आणि डेटा दोन्ही बंद करा. नेट नसलं की स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप आंधळं होतं. मग ते काढून टाका. एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर क्विकसपोर्ट असं काहीतरी असेल. ही अ‍ॅप्स मुळात चोरांची नाहीत. कंपन्यांमध्ये संगणक दुरुस्त करणारी मुलं ती रोज वापरतात, म्हणून ती प्ले स्टोअरवर राजरोस मिळतात, आणि म्हणूनच आईंना शंका आली नाही. तो नऊ आकडी कोड म्हणजे घराची किल्ली. तो सांगितला आणि पुढच्या चौकटीवर 'परवानगी द्या' दाबलं की आपला पडदा त्याच्यासमोर उघडा.

आईंना शांतपणे विचारा की त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एखादी फाइलही पाठवली होती का, जिच्या नावाच्या शेवटी एपीके असतं. असेल, आणि त्यांनी ती उघडून इन्स्टॉल केली असेल, तर प्रकरण मोठं आहे. असली अ‍ॅप्स मेसेज वाचायची परवानगी मागतात आणि मग बँकेचा प्रत्येक ओटीपी गुपचूप दुसऱ्या नंबरवर पाठवत राहतात. कधीकधी त्यांचं चित्रही स्क्रीनवरून गायब होतं. अशा वेळी मेसेज, कॉल नोंदी आणि फाइलचं नाव यांचे फोटो दुसऱ्या मोबाईलने काढून ठेवा, मग मोबाईल पूर्ण रिसेट करा. अर्धवट साफसफाईवर विसंबू नका. फाइल नसेल तर सेटिंगमधली अ‍ॅप्सची यादी वरपासून खालपर्यंत वाचली, सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटीत, जिथून एखाद्या अ‍ॅपला स्क्रीनचा ताबा देता येतो, काही अनोळखी चालू नाही ना ते पाहिलं, कॉल फॉरवर्डिंग बंद आहे याची खात्री केली, तरी पुरे. नेट बँकिंगचा पासवर्ड आणि यूपीआयचा पिन बदला, पण मोबाईल साफ झाल्यावर. आधी बदललात तर नवा पासवर्डही त्यालाच दाखवाल.

पैसे गेले नसले तरी तो नंबर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर 'चक्षू' या सोयीत नोंदवा. ती सोय नेमकी यासाठीच आहे: फसवणुकीचा संशय आलेला फोन, मेसेज किंवा व्हॉट्सअ‍ॅप. पाच मिनिटांचं काम आहे.

पैसे गेले असते तर पहिला फोन 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, करायचा होता, तोही त्याच क्षणी. सकाळी बँक उघडल्यावर बघू असं म्हणणाऱ्यांचे पैसे परत आलेले मी फारसे पाहिले नाहीत. कारण साधं आहे. चोरलेली रक्कम पहिल्या खात्यात थांबत नाही. भाड्याने घेतलेल्या तीन-चार खात्यांतून फिरते आणि कुठल्या तरी एटीएममधून रोख होते. 1930 ला तक्रार गेली की ती त्या बँकेकडे, तिथून पुढच्या बँकेकडे सरकते आणि वाटेत जी रक्कम सापडेल ती अडवली जाते. म्हणजे ही शर्यत आहे. फोन करताना व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि आपल्या बँकेचं नाव हाताशी ठेवायचं, आणि मग सायबरक्राइम पोर्टलवर लेखी तक्रार पुरी करायची.

बँकेलाही लगेच कळवायचं, त्याचं वेगळं कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे, ग्राहकाने स्वतःच ओटीपी किंवा पिन दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. त्यामुळे कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक सोन्याच्या मोलाचे. काउंटरवरचा माणूस 'अर्ज देऊन जा' म्हणाला तर अर्ज द्याच, पण दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि वेळ घेतल्याशिवाय उठू नका. बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

आता वीज तोडण्याचं. हे मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण माझ्या मते सगळी फसवणूक इथेच उभी आहे. वीज खरी कशी तोडतात हे लोकांना माहीत नसतं. ते एकदा माहीत झालं की मेसेजमधला दम निघून जातो.

वीज कायदा 2003 च्या कलम 56 प्रमाणे थकबाकीसाठी पुरवठा तोडायचा तर ग्राहकाला किमान 15 पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. संध्याकाळी सातला कळवून साडेनऊला तोडायची सोय कायद्यात नाही. बिलाच्या रकमेवर वाद असेल तर निषेध नोंदवून पैसे भरता येतात, आणि तसे भरले की वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. बिलाची मुदत उलटली की पुढच्या बिलात थकबाकी दिसते, नोटीस निघते, आणि तिचे दिवस भरल्यावरच नाव यादीत येतं.

ही यादी म्हणजे सेक्शन ऑफिसची सकाळची पोथी. वायरमन हजेरी लावतात, साहेब प्रत्येकाला थकबाकीदारांची यादी देतात: नाव, पत्ता, मीटर नंबर, रक्कम. मग तो माणूस शिडी आणि पकड घेऊन दुचाकीवरून निघतो आणि तुमच्या दारात येऊन उभा राहतो. आधी 'बिल भरा' म्हणतो. दहातले सहा-सात जण तिथेच मोबाईलवरून भरतात आणि तो पुढच्या घरी जातो. जो भरत नाही, त्याचा पुरवठा मीटरपाशी किंवा खांबावर तोडून तो नावापुढे 'टीडी' लिहितो, म्हणजे तात्पुरता बंद. पुढेही बराच काळ भरलं नाही तर 'पीडी', म्हणजे कायमचा. जोडून घ्यायचा तर थकबाकी आणि जोडणीचा आकार भरावा लागतो. हे सगळं दिवसाउजेडी चालतं. रात्री साडेनऊला सेक्शन ऑफिसात फॉल्ट ड्यूटीवर एखाद-दुसरा माणूस असतो, आणि तो बिचारा कुठल्या तरी गल्लीतली गेलेली लाईट आणायला धावत असतो. लाईट घालवायला त्याला सवड नाही.

स्मार्ट मीटर आल्यापासून एक शंका लोक विचारतात: आता तर ऑफिसात बसून तोडता येईल ना? तांत्रिकदृष्ट्या अशा मीटरचा पुरवठा दुरून बंद करता येतो, खरं आहे. पण त्यामुळे कलम 56 रद्द झालेलं नाही. माणूस शिडीवर चढो की बटण दाबो, नोटिशीचे 15 दिवस तेच.

इथेच एक चुकीची समजूतही दूर करतो, कारण ती जागृतीच्या नावाखाली फिरत असते: 'वीज कंपनी मेसेज पाठवतच नाही.' पाठवते. रीडिंग घेतल्याचा मेसेज येतो, बिलाचा येतो, देखभालीसाठी पुरवठा बंद राहणार असेल त्याचा येतो, आणि थकबाकीची नोटीसही मोबाईलवर येऊ शकते. म्हणून 'मेसेज आला म्हणजे खोटा' असं आईंना शिकवू नका, एखादा खरा मेसेजही त्या उडवून लावतील. मेसेज वाचायला शिकवा.

आईंना आलेला मेसेज पुन्हा काढा आणि त्यात काय नाही ते बघा. कंपनीचं नाव नाही, नुसतं 'वीज कार्यालय'. हे आळसाने झालेलं नाही. पाठवणाऱ्याने लाखो नंबरांवर एकच मजकूर सोडलेला असतो आणि तुम्ही कुठे राहता हे त्याला ठाऊक नसतं. दादरला असाल तर वीज बेस्टची, अंधेरीला अदानीची किंवा टाटांची, मुलुंडला महावितरणची, भिवंडीत महावितरणच्या वतीने टोरंट बघते, आणि पणजीत तर कंपनीच नाही, सरकारी वीज खातं आहे. एक नाव घातलं तर बाकीचे सगळे हसतील, म्हणून तो नावच घालत नाही. तसाच ग्राहक क्रमांक नाही. महावितरणचा ग्राहक क्रमांक 12 आकडी असतो, आणि खऱ्या मेसेजला तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण एका माणसाच्या नावावर घर, दुकान आणि शेतीपंप अशी तीन कनेक्शनं असू शकतात. रक्कम नाही. बिलाचा महिना नाही. आहे ती फक्त घड्याळातली वेळ आणि एक मोबाईल नंबर.

आणि वेळ बघा कशी निवडली आहे. मेसेज येतो कार्यालयं बंद झाल्यावर, म्हणजे जाऊन विचारायची सोय नाही. धमकी असते झोपायच्या आधीची, म्हणजे सकाळपर्यंत थांबायची सोय नाही. 'बिल भरलं नाही' असंही तो म्हणत नाही, 'अपडेट नाही' म्हणतो. हा शब्द मला नेहमी कौतुकास्पद वाटत आला आहे, चोराचं कौतुक करायचं झालंच तर. कारण ज्याने बिल भरलंय तोसुद्धा या शब्दाने चपापतो. भरणा केंद्रात रोख भरलेलं किंवा चेकने भरलेलं बिल खात्यावर दिसायला कधीकधी खरोखरच काही दिवस जातात, आणि हे लोकांनी अनुभवलेलं असतं.

2022 च्या उन्हाळ्यात हे मेसेज धो धो सुरू झाले तेव्हाची गोष्ट. सकाळी कार्यालय उघडायला आणि एक निवृत्त शिक्षक आत यायला एकच गाठ पडली. हातात जाड फाइल. आठ वर्षांची बिलं, प्रत्येकावर पावती टाचलेली, तारखेप्रमाणे लावलेली. फाइल टेबलावर ठेवून ते म्हणाले, "एक तरी पावती चुकली असेल तर दाखवा." मी संगणकावर खातं उघडलं. शिल्लक शून्य. मागचं बिल मुदतीच्या नऊ दिवस आधी भरलेलं. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली, आणि ते खुर्चीत बसून रडायलाच लागले. रात्री त्यांच्या खात्यातून तीन खेपेला पैसे काढले गेले होते, आणि ते पैसे वीज कंपनीने कापले असं समजून ते आमच्याकडे जाब विचारायला आले होते. त्यांच्या लेखी ते अजून आमच्याच 'अधिकाऱ्या'शी बोलत होते.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. तोच नंबर. मी स्पीकरवर घ्यायला सांगितलं. पलीकडचा आवाज तरुण, नम्र, अगदी सरकारी. "सर, आपका बिल तो भरा हुआ है, सिस्टम में सिर्फ अपडेट नहीं दिख रहा. कल वाला पैसा रिफंड हो जाएगा, बस एक बार ऐप खोलिए." मी विचारलं, "बीयू कोणता?" बीयू म्हणजे बिलिंग युनिट, प्रत्येक उपविभागाचा चार आकडी क्रमांक. आमच्या खात्यात शिपायालाही तो पाठ असतो. पलीकडे क्षणभर शांतता, मग एक शिवी, मग फोन कट. ते आवाज ऐकत बसलेले गुरुजी मला अजून दिसतात.

त्या दिवसापासून माझं एक मत पक्कं झालं. ही युक्ती थकबाकीदारांसाठी नाहीच. ज्याचं बिल सहा महिने थकलंय तो अशा मेसेजला भीक घालत नाही. त्याला वायरमनचं नाव माहीत असतं, तो ऑफिसात येऊन 'साहेब, दोन हप्ते पाडून द्या' म्हणून घासाघीस करतो. अडकतो तो मुदतीच्या आधी बिल भरणारा, ज्याच्या घरची वीज जन्मात कधी तोडली गेली नाही आणि म्हणून ती कशी तोडतात हे ज्याला कधी कळायची वेळ आली नाही. तुमच्या आई त्यातल्याच. त्यांना वेडेपणा केलास म्हणून बोलू नका. त्या रकमेपेक्षा ते बोलणं माणसांना जास्त लागतं, आणि मग पुढच्या वेळी काही झालं तर त्या तुम्हाला सांगणार नाहीत.

ते 10 रुपये कशाला, असंही तुम्ही विचारलंय. 10 रुपयांसाठी कोणी घासाघीस करत नाही, शंका घेत नाही, मुलाला फोन लावून विचारत नाही. त्याला ते 10 रुपये नकोच असतात. ते भरताना आपण जे जे टाइप करतो ते हवं असतं. वीज बिलाच्या हिशेबात 10 रुपये भरून काहीही अपडेट होत नाही. बिल भरलं की नोंद आपोआप होते, आणि नाही झाली तर पावती घेऊन ऑफिसात गेलं की आम्ही ती शोधतो. ग्राहकाच्या मोबाईलमध्ये आम्हाला करण्यासारखं काहीच नसतं. मीटर भिंतीवर, खातं आमच्या संगणकात. तुमच्या फोनमध्ये घुसून बिल 'दुरुस्त' करणारा माणूस वीज कंपनीचा असूच शकत नाही, मग तो कितीही ओळखपत्रं पाठवो.

ओळखपत्रं तो पाठवतोच. व्हॉट्सअ‍ॅपवर कंपनीचं बोधचिन्ह, फोटोसकट ओळखपत्र, कधी नोटिशीचा कागद, वर अशोकस्तंभ, खाली शिक्का. कॉलर आयडी अ‍ॅपवर नाव 'इलेक्ट्रिसिटी ऑफिसर' असं झळकतं. ते नाव कोणीही कोणालाही देऊ शकतं. बोधचिन्ह तर नेटवर पडलेलं आहे. महावितरणचा मेसेज येतो तेव्हा पाठवणाऱ्याच्या जागी मोबाईल नंबर नसतो. पुढे दोन अक्षरं, आडवी रेघ आणि मग एमएसईडीसीएल, म्हणजे महावितरणच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं, असं असतं. 2025 पासून ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमाने अशा नावांच्या शेवटी आणखी एक अक्षर लागतं, सेवेच्या मेसेजला एस, सरकारी मेसेजला जी, जाहिरातीला पी. दहा आकडी साध्या नंबरवरून आलेली वीज तोडायची नोटीस वाचायची सुद्धा गरज नाही.

आता जरा नवा प्रकार सांगतो, कारण चोरही शिकतात. हल्ली काही जणांना फोन येतो आणि पलीकडचा नाव सांगतो, बिलाची रक्कमही पैशासकट बरोबर सांगतो. लोक म्हणतात, एवढं त्याला माहीत म्हणजे तो आतलाच. नाही हो. तुमच्या मोबाईलमधलं कुठलंही पेमेंट अ‍ॅप उघडा, वीज बिलात जा, शेजाऱ्यांचा ग्राहक क्रमांक टाका. त्यांचं नाव आणि रक्कम समोर येईल. भारत बिल पेमेंटची, जिला आता भारत कनेक्ट म्हणतात, रचनाच अशी आहे, म्हणजे मुलाला पुण्यातून गावाकडच्या आईचं बिल भरता यावं. सोय चांगली आहे. पण सोसायटीच्या जिन्यात पत्रपेटीबाहेर लोंबणारी बिलं बघा, प्रत्येकावर ग्राहक क्रमांक ठळक छापलेला. एक फेरी मारली आणि मोबाईलने फोटो काढले की इमारतीभरची माहिती खिशात. तेव्हा नाव आणि रक्कम बरोबर सांगितली हा खरेपणाचा पुरावा धरू नका.

दुसरा नवा प्रकार आपण स्वतःच ओढवून घेतो. बिल जास्त आलं, तक्रार करायची आहे, म्हणून माणूस नेटवर ग्राहक सेवेचा नंबर शोधतो आणि पहिला दिसेल तो लावतो. तो नंबर चोरानेच तिथे पेरून ठेवलेला असतो. इथे तर फोन आपण केलेला असतो, मग संशय कोणावर घेणार? नंबर हवा तर बिलावरचा घ्या. महावितरणचा 1912 लक्षात ठेवायला सोपा आहे, तोच पाठ करा.

स्मार्ट मीटरच्या नावाने 'केवायसी करा, नाहीतर जुना मीटर बंद' असे फोनही सुरू आहेत, आणि गॅसच्या पाइपलाइनच्या बिलाचे मेसेजही, मुंबईत आणि पुण्यातही. मजकूर तोच, 'वीज' पुसून 'गॅस' लिहिलेलं. त्यावर वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

दारात येणाऱ्यांबद्दल मात्र सांगायला हवं, कारण एकट्या राहणाऱ्या बाईंच्या बाबतीत मला त्याची जास्त काळजी वाटते. दोघं जण येतात, गळ्यात ओळखपत्र, हातात टेस्टर. मीटर उघडल्यासारखं करतात आणि म्हणतात, "यात छेडछाड आहे, 135 ची केस होईल, पोलिसांत जावं लागेल. आत्ता पाच हजार दिलेत तर मिटवून टाकू." कलम 135 खरंच वीजचोरीचं आहे, म्हणून ऐकणाऱ्याचे पाय लटपटतात. पण खरं भरारी पथक आलं तर कागद होतो. तपासणीचा अहवाल, जप्त केलेल्या वस्तूंची यादी, त्यावर घरातल्याची सही, आणि बिल नंतर लेखी येतं. त्याच कलमात असंही लिहिलंय की सूर्यास्तानंतर ते सूर्योदयापर्यंत राहत्या घराची झडती घ्यायची तर घरातला प्रौढ पुरुष हजर असावा लागतो. रोख रक्कम दारात घेऊन केस मिटत नाही. आणि समजा आलेला माणूस खरंच खात्याचा असून पैसे मागत असेल, तर ती लाच आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 त्यासाठीच आहे. आईंना एवढंच सांगा की सेफ्टी डोअर न उघडता नाव आणि सेक्शन विचारायचं, मग बिलावरच्या नंबरला फोन करून खात्री करायची. खरा वायरमन यात अपमान मानत नाही. उन्हात पाच मिनिटं उभं राहायची त्याला सवय असते.

आणि एक योगायोग. असा मेसेज आल्यावर नेमकी लाईट गेली तर? जाते कधीकधी, आपल्याकडे काही सांगता येत नाही. पुण्यात गुरुवार असला, म्हणजे देखभालीसाठी वीज बंद ठेवायचा वार, तर विचारूच नका. अशा वेळी खिडकीतून बाहेर बघायचं. समोरच्या इमारतीत अंधार असेल तर फॉल्ट आहे. फक्त आपल्याच घरात असेल तर आधी घरातला एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा खटका, पडलाय का ते बघायचं.

राहता राहिलं तुमच्या आईंच्या खात्याचं. त्यांच्या बिलावर नाव कोणाचं आहे? माझा अंदाज, तुमच्या वडिलांचं. आणि त्या ग्राहक क्रमांकाला जोडलेला मोबाईल नंबर? तो बहुधा वडिलांचाच जुना, जो आता बंद आहे किंवा दुसऱ्याच कोणाला मिळालाय. मी नोकरीत असताना अशी खाती रोज बघायचो. पाच वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला दर महिन्याला रीडिंगचा मेसेज जातोय, आणि घरात राहणाऱ्या बाईला आयुष्यात एकही खरा मेसेज आलेला नाही. मग पहिलाच मेसेज चोराचा आला, तर तो खरा नाही हे तिने कशाशी ताडून बघायचं? महावितरणच्या अ‍ॅपवर, वेबसाइटवर किंवा 1912 ला फोन करून नंबर बदलता येतो. पुढच्या वेळी नाशिकला जाल तेव्हा तिथे आईंचा नंबर लावून या. नावात बदल करायला कागदपत्रं लागतील, मृत्यूचा दाखला आणि घराचे कागद, त्याला सेक्शन ऑफिसच्या एक-दोन फेऱ्या होतील. नंबर मात्र त्याच दिवशी होतो. पहिला खरा मेसेज आला की तो त्यांच्यासोबत बसून एकदा वाचा, आणि कालचा अजून डिलीट केला नसेल तर तो शेजारी ठेवून.